चौदा मडकी आणि पाच हजार वर्षं

अन्याय झाला तो धसईजवळच्या एका पाड्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या कुंभारणीवर. गेल्या वैशाखातल्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. ठिकाण: मुरबाड रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड. अन्याय करणारी: मी. साक्षीदार: सात मुली, एक टेबलफॅन आणि चौदा कच्ची मडकी.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. आधी कोणावर, मग कधी, मग कोणी केला, आणि शेवटी मागणी. गेली सहा वर्षं मी शहापूर आणि मुरबाडमध्ये पत्रकंच लिहिते आहे. न आलेला टँकर, बंद झालेली एसटीची फेरी, कागदावरच बांधलेला साकव. त्या प्रत्येकात गुन्हेगार दुसराच कोणीतरी असायचा, म्हणून ती एका बैठकीत लिहून व्हायची. हे लिहायला मला वर्ष लागलं.

आमची संघटना म्हणजे आम्ही चौघं आणि एक झेरॉक्स मशीन, तेही मूड असेल तर चालणारं. आम्ही ठरवलं की गावातल्या मुलींना मडकी घडवायला शिकवायचं. डोळखांबकडच्या चार आणि धसईकडच्या तीन मुली आल्या. सगळ्या भातशेती करणाऱ्या घरांतल्या, कुंभाराच्या घरची एकही नाही. विजेवर फिरणारी दोन चाकं आम्ही मिळवली. कुंभाराच्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही जुनी रीत आहे. ती वाचल्यापासून माझं रक्त उकळत होतं. मी बॅनर करून घेतला: ‘चाक बायकांच्या हाती!’ आणि बारा पानी पुस्तिका लिहिली, ‘कुंभारकलेचा पाच हजार वर्षांचा इतिहास’. तिच्या चौथ्या पानावर मी लिहिलं होतं: ‘कुंभार चाकावर मडके घडवतो. घरातील स्त्रिया माती मळणे, थापणे अशी मदतीची कामे करतात.’ हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शिकवायला आणली ती आजी. तिचा नवरा चाकावर बसायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. पण मोठा माठ, ज्यात घरभराचं पाणी मावतं, तो आमच्या भागात घडवू शकणारी ती एकटीच उरली होती. पहिल्याच दिवशी तिनं उजवा खांदा दाबत सांगितलं, “यो खांदा निम्मा गेलाय. ह्या उन्हाळ्यात शिकवीन. पुढल्या उन्हाळ्याला हात वर व्हईल का नाय, मला ठाव नाय. तवा येळ घालवू नका.”

मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी तरबेज आहे.

चाकावरनं उतरलेलं मडकं तुम्ही पाहिलंत तर त्याला मडकं म्हणणार नाही. जाड, ठेंगणं, बुडाशी गोळा. ते ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात. आंबटओलं झालं, म्हणजे हाताला चिकटत नाही पण दाबलं तर दबतं, की ते मांडीवर घ्यायचं. आतून दगडाचा गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटीनं ठोकत जायचं. ठोकता ठोकता भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड गोल होतं. हे सगळं त्या आंबटओल्या वेळेतच. अलीकडे माती फाटते, पलीकडे तडकते. मी हे आता इतक्या ऐटीत सांगते आहे, पण तेव्हा माझ्या बारा पानांत यातलं अक्षर नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मुलींनी चौदा मडकी चाकावरनं उतरवली. बुधवारी माझं भाषण होतं. फोटोत इतिहास दिसला पाहिजे म्हणून मी सकाळी त्यांच्यावरची ओली गोणपाटं काढली आणि चौदाच्या चौदा बॅनरखाली ओळीनं मांडली. उकाडा होता म्हणून टेबलफॅन माझ्याकडे वळवला. त्याचा वारा आधी मडक्यांवरून जायचा, मग माझ्यापर्यंत यायचा.

सव्वाअकराला आजीनं एका मडक्याला अंगठा लावून पाहिला. “चला गो पोरींनो, झाली. आता घ्या.”

मी माइक हातात घेतलेला होता. सात मुलींसाठी माइक. म्हणाले, “आजी, दहा मिनिटं. आधी इतिहास.”

सिंधूच्या काठापासून सुरुवात केली. चाक म्हणजे माणसाची पहिली क्रांती, आणि ती बायकांपासून हिरावून घेतली गेली, इथवर यायला मला पाऊण तास लागला. तेवढ्यात मागून टक्-टक् आवाज आला. आजी थापटी जमिनीवर आपटत होती. मला वाटलं दाद देते आहे. मी मान लववून आभार मानले आणि आवाज चढवला.

पुन्हा टक्-टक्. “अगो बाय, ती मडकी...”

“आजी, प्रश्न शेवटी घेऊ या.”

ज्या बाईला आयुष्यभर कोणी बोलू दिलं नाही तिची बाजू मी माइकवर मांडत होते आणि ती बाई मागे बसून बोलू पाहत होती. मला यात काहीच खटकलं नाही.

तिसऱ्यांदा तिनं थापटी आपटली नाही. उठली, पदर खोचला आणि बाहेर जाऊन दगडावर बसली. मी मुलींना म्हणाले, “बघा, किती पिढ्यांचं दडपण असतं. ऐकवतसुद्धा नाही.”

सव्वाला मी संपवलं. टाळ्या वाजल्या, भूक लागल्यावर वाजतात तशा. डोळखांबची एक मुलगी, जिच्या तोंडाला कुणी कुलूप लावू शकत नाही, ती धावत बाहेर गेली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली. आजीनं पहिलं मडकं मांडीवर घेतलं. दगड आत, थापटी बाहेर. एक ठोका. तड्. दुसरं घेतलं. तड्. पाचव्यानंतर तिनं थापटी खाली ठेवली.

“बाय, तुजी पाच हजार वर्सं सांगून झाली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “ह्या मडक्यांचा तासभर व्हता. त्यो गेला.”

“पण आजी, मी तर बायकांच्याच...”

“मी काय म्हस हाय?”

मुली हसल्या. मी हसले नाही. मी त्या वेळी, खरं सांगते, मनात मुद्दे काढत होते.

“चाक चाक करतेस,” ती म्हणाली. “चाक निस्ता गळा देतं. प्वाट देते थापटी. माज्या घरवाल्यानं किती गळे काढून दिले, त्येला प्वाट मी दिलं. बाजारात मडका कुनाचा? त्येचा. आन् तुज्या पुस्तकात कुनाचा?”

डोळखांबवालीनं पुस्तिका उघडून चौथं पान मोठ्यानं वाचलं. ‘मदतीची कामे’ या शब्दांवर ती मुद्दाम थांबली. नंतर तिनं मला सांगितलं की ती पुस्तिका आधी कोणी वाचलीच नव्हती, वारा घ्यायला वापरत होते.

आजीनं पिशवी उचलली आणि धसईची एसटी धरली. जाताना म्हणाली, “उद्या येनार नाय. खांदा इथं ऐकायला आनला नव्हता.”

त्या क्षणी काय गेलं ते मला कळलं. माती गेली नव्हती, माती गावात आहे. गेला होता तो एक उन्हाळा, तोही अर्धा, आणि तिच्याकडे तेवढाच होता.

मी काय केलं असेल? बरोबर. पत्रक लिहिलं. ‘जाहीर माफीनामा’, चार मुद्दे, खाली सही. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं. शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या, कोंबडीसुद्धा थांबली. आजी तांदूळ निवडत ऐकत होती.

“झाला वाचून?”

“हो.”

“कागद चुलीपाशी ठेव. आन् मडकी काय केलीस?”

“तशीच आहेत. टाकून...”

“टाकतेस कुठं? भाजली नायत ती, माती हाय अजून. उन्हात पार कडक होऊ दे. मंग फोड आन् भिजत घाल. अर्धी सुकलेली माती पानी धरत नाय, लई आळशी असते. भिजली की मळ. पायानं. तू. पोरींना लावू नको.” मग तांदळाकडे बघतच म्हणाली, “मळून झाली की सांगावा धाड.”

चौदा मडकी मी माझ्या हातानं फोडली. मोर्चात मला काही फोडायला सांगितलं तर मी मागे असते, ते सोडा. चार दिवस माती हौदात भिजली. मग मी साडी खोचून त्यात उतरले. पहिल्या तासात मला वाटलं छान आहे, लोकांच्या मातीशी नातं. दुसऱ्या तासात पोटऱ्या पेटल्या. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःच आली, सांगाव्याची वाट न बघता. काठावर बसली आणि पायाखालचे खडे काढायला लावू लागली.

तिथं मी इतिहास ऐकला. वही काढता येईना, कारण हातही मातीचे होते. तिनं सांगितलं की तिची थापटी सासूची, सासूच्या आधी सासूच्या जावेची. मुठीपाशी जो खळगा आहे तो तिघींच्या अंगठ्यांनी पाडलेला. तिच्या माहेरची मातीची खाण धरणाच्या पाण्याखाली गेली. तसली पिवळट, लोण्यासारखी माती मग कधी मिळाली नाही, म्हणून ती लग्नानंतर थापटायला नव्यानं शिकली.

धरण म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. “आजी, यावर तर पत्रक...”

“पाय हलव गो.”

दुसऱ्या खेपेला बारा मडकी उतरली. गोणपाटांना कोणी हात लावला नाही. माइक मी कपाटात ठेवून किल्ली डोळखांबवालीकडे दिली. आजीनं अंगठा लावला, “घ्या” म्हणाली, आणि सात मुली आणि मी खाली बसलो. तिचा हात तेव्हाच खांद्याच्या वर जात नव्हता. ती दोन ठोके दाखवायची आणि हात मांडीवर ठेवायची. बारांतली पाच टिकली. त्यातली तीन डोळखांबवालीची. एक माझंही टिकलं, पण दाढ सुजल्यासारखं एका बाजूला फुगलेलं. आजीनं ते फिरवून बघितलं.

“ह्यात पानी नको ठेवू. पत्रकं ठेव.”

ठेवते आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा हात वर झाला नाही, तिनं म्हटलं होतं तसंच. ती शेडमध्ये येते, दगडावर बसते आणि नुसता आवाज ऐकून सांगते, “तिसरी, जाड ठेवतेस. तू, बूड सोड.” तिची थापटी डोळखांबवालीच्या हातात आहे. नव्या पोरींना इतिहास तीच शिकवते, ठोकता ठोकता. माझं भाषण अजून असतं, पण भट्टी पेटल्यावर, जेव्हा माणसांना करण्यासारखं काही नसतं. दहा मिनिटं. डोळखांबवाली घड्याळ लावते.

आता मागणी. माझ्या त्या पुस्तिकेच्या तीनशे प्रती शहापूर आणि मुरबाडमध्ये वाटल्या गेल्या. तुमच्याकडे एक असेल, कपाटावर, नाहीतर पंख्याच्या जागी. ती काढा. चौथं पान उघडा. ‘मदतीची कामे’वालं वाक्य खोडा आणि वर लिहा, ‘घरातील स्त्रिया मडके थापटीने घडवतात.’ पेन्सिलनं नको, पेननं. आणि घरात माठ असेल तर त्याच्या पोटावरून हात फिरवा, ठोक्यांच्या खुणा लागतील. ज्याच्याकडून तो घेतलात त्याला जाऊन विचारा, थापटी कोणी धरली होती? ते नाव विचारल्याशिवाय पुढचा माठ घेऊ नका.