इमामबीनं माप सांगितलं न्हाय

लिव, अंतरा. इमामबीचं लिव. गल्लीतली माणसं तिच्याबद्दल कायबी बोलत्यात, ते ऐकून तुझ्या आज्जीचं डोस्कं फिरतंय.

गल्लीच्या तोंडाला पत्र्याचं शेड हुतं बघ, चटणी कुटायच्या डंकाचं. लोखंडाच्या मुसळ्या धाडधाड वर-खाली करायच्या, ते. तिचा नवरा दिलदार गेला तवा ती तीस-बत्तीस वर्साची. इद्दतीचा चार महिन्यांचा दुखवटा सरला आणि तिसऱ्या दिवशी तिनं डंक चालू केला. रडत बसली न्हाय.

जोतिबाच्या यात्रंच्या आधी आम्ही सगळ्या बायका मिरच्या वाळवून, भाजून, डबं घेऊन तिच्याकडं रांग लावायचो. प्रत्येकीची चटणी वेगळी. कुणाच्यात खोबरं जास्त, कुणाच्यात तीळ, कुणाला लसूण नाकात गेला पायजे. इमामबी डब्यातली एक मिरची मोडायची, वास घ्यायची, बी दाताखाली चावायची. मग सांगायची, "अक्का, यंदा तुझी संकेश्वरी भिजून वाळलीया. दोन मुठी ब्याडगी वाढीव, न्हायतर रंग येणार न्हाय. आणि खोबरं गेल्या सालाएवढं घालू नकोस." आम्ही ऐकायचो. बत्तीस वर्सं ऐकलं. आमच्या घरची चटणी म्हणून मिरवायचो आम्ही, पण माप सगळं तिच्या जिभेवर हुतं. हे मला बी नंतर कळलं.

गेल्या साली अमरसिंह लागला कंपनी आणायच्या मागं. अमरसिंह म्हंजे आपला नगरसेवक. शेडाची जागा बी त्येचीच. म्हणला, "पिकतंय आपल्याकडं, आणि पाकिटं भरून येत्यात दुसरीकडनं! मसाल्याचा मोठा कारखाना आणतो, दोनशे बायकांना काम." खरं बोलला. त्यात खोटं काय न्हाय. भाव न्हाय म्हणून टमाटं रस्त्याकडंला वतलेलं मी डोळ्यानं बघितलंय, मग कारखान्याला कोण न्हाय म्हणंल? तुझी आई मीनाक्षी तर दोन दिवस नुसती नाचत हुती.

मांडव घातला. कंपनीचा साहेब आला, त्येला फेटा बांधला. इमामबीला बोलावून घेतलं. साहेबानं तिच्या तोंडापुढं मोबाइल धरला. "मावशी, अस्सल कोल्हापुरी चटणीचं प्रमाण सांगा. आम्ही रेकॉर्ड करतोय."

इमामबी म्हणली, "कुठल्या मिरचीचं?"

"कुठल्याही. एकच ठरावीक प्रमाण द्या."

"साहेब, पोत्यापोत्याला मिरची बदलती. मला कामावर घ्या. रोज सकाळी येतो, मिरची बघतो, माप सांगतो. हाताखाली चार पोरी द्या, त्यांना बी शिकवतो."

साहेब हसला. "आता या वयात कशाला दगदग? एकदा सांगा, मशीन लक्षात ठेवतं."

"मशीनला जीभ हाय व्हय?"

मांडवात हसं झालं. अमरसिंहचं तोंड उतरलं. "अगं सांग की! मिरचीच हाय, सोनं हाय काय?"

"सोनं असतं तर असं फुकट मागितलं असतंस काय?" म्हणली आणि निघून गेली.

मग अमरसिंहनं आम्हा बायकांना गोळा केलं, तुम्हीच सांगा म्हणला. आणि गेलो की आम्ही! मी बी गेलो. लिव, खोडू नकोस. सुनंला काम लागंल म्हणून गेलो. मी म्हटलं, चार मुठी खोबरं. वजनकाटा घेऊन एक पोरगी बसलेली, ती म्हणती, "आजी, मूठ म्हणजे किती ग्रॅम?" माझ्या मुठीत मावंल तेवढं की! शेजारची अनुजा म्हणली, दोनच मुठी. तिच्यात आणि माझ्यात तिथंच जुंपली. बारा बायका, बारा मापं, आणि एकीला बी धड ठाऊक न्हाय. महिन्यानं नमुन्याची पाकिटं आली. रंग इटकरीगत, चव भुशागत. तुझ्या बाबानं एक घास खाल्ला आणि चटणी ताटाच्या कडंला सारली.

पंधरा दिवसांनी कळलं, कंपनी येणार न्हाय. अमरसिंह शेडाम्होरं उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडला, "हिच्या हट्टापायी दोनशे घरांचं काम गेलं! आपल्यातली असती तर दिलं असतं माप!"

आपल्यातली! अरं मुडद्या, तुझ्या लग्नात हजार माणूस जेवलं, त्येची चटणी कुणी कुटली? तवा न्हाय आठवलं आपल्यातलं आणि परक्यातलं?

आठ दिवसात शेड मोकळं कर म्हणला. आणि गल्ली गप. ज्या बायका तिच्याकडं बसून सासवांच्या चुगल्या सांगायच्या, त्या दारं लावून आत. तुझी आई बी मला म्हणली, "सांगितलं असतं तर काय झिजलं असतं तिचं?" मी पातेलं आपटलं. पण अमरसिंहला बोललो काय? न्हाय बोललो. त्येचाच राग येतोय मला, त्या अमरसिंहपेक्षा जास्त.

मग तूच मोबाइलवर वाचून दाखवलंस. त्या कंपनीनं परराज्यात जागा घेऊन पाया बी खणलेला, आमच्या मांडवाच्या दोन महिनं आधी! तिकडं वीज स्वस्त, पाणी स्वस्त. आमच्याकडनं नुसतं माप न्ह्यायचं हुतं. मग इमामबीनं कुणाचं काम घालवलं, सांग की! तुला बरोबर घेऊन मी दारोदार फिरलो, वाचून दाखवलं. "असं व्हय," म्हणल्या बायका आणि भाजी निवडत बसल्या. तिची माफी मागायला एक गेली न्हाय.

सातव्या दिवशी मी गेलो. म्हटलं, "आमची म्हस इकली, गोठा मोकळा हाय. आण तुझा डंक."

ती म्हणली, "अक्का, तूबी गेलतीस की साहेबापुढं मुठी मोजायला."

तोंडावर म्हणली. बरं केलं.

"गेलतो. चुकलो. आता येतीस का न्हाय?"

तिनं मुसळीवरची धूळ फडक्यानं पुसली. मग म्हणली, "भाडं घेशील तर येतो."

"घेतो. आणि दिलं न्हाईस तर दारात येऊन भांडतो बी."

तुझा बाबा म्हणला, "आई, घर हादरंल आवाजानं. आणि अमरसिंह डूख धरंल." म्हटलं, घर माझ्या नावावर हाय, हादरू दे. आणि त्येला धरू दे काय धरायचं ते. डंक टेंपोतनं उतरवायला चार माणसं पायजे हुती, तिघंच आली. गल्लीतली बापई माणसं दारात उभी राहून बघत हुती. तुझी आई पदर खोचून चौथी झाली. 

परवा अमरसिंह आपल्या दारात. डंक चालू, म्हणून त्येला वरडावं लागलं. "अक्का, दुसरी कंपनी येतीया! तुम्ही बायका नऊवारी नेसून ओवाळायला या!"

मी बी वरडलो, "येऊ दे की कंपनी! पर पयलं त्यांना ह्या गोठ्यात आण. इमामबीला काय काम देणार, पगार किती देणार, ते कागदावर लिहून आण. माझी नात वाचंल. मग ओवाळतो. तवर आरती न्हाय आणि माप बी न्हाय!"

त्यो इमामबीकडं बघत राहिला. तिनं डंकात आणखी दोन मुठी मिरच्या टाकल्या. शिंकत शिंकत गाडीत जाऊन बसला.

कागद अजून आलेला न्हाय.