माथेरानला मुरलेलं लोणचं

आई मार्चमध्ये गेली आणि मे महिन्याच्या शेवटी आम्ही माथेरानला गेलो. एवढं ऐकून आमच्या विक्रोळीच्या कॉलनीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली होती. आता वाचणाऱ्यांनी घातली तरी माझी काही तक्रार नाही.

त्याचं असं होतं. बाबा ज्या कारखान्यात होते, त्या कंपनीचं माथेरानला हॉलिडे होम होतं. सहा खोल्या, एक लांबलचक व्हरांडा आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. जानेवारीत फॉर्म भरायचे, फेब्रुवारीत कँटीनमध्ये चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्याचा नंबर लागेल त्याला उन्हाळ्यात चार दिवस एक खोली. नंबर लागूनही जो जाणार नाही, त्याचं नाव पुढची तीन वर्षं चिठ्ठ्यांत टाकत नसत. आमचा नंबर लागोपाठ दुसऱ्या वर्षी लागला तो तिच्या सोमवारांमुळे, असं आईचं ठाम मत होतं. फॉर्म तिनेच भरला होता. माणसं चार, असं लिहिलं होतं. मग तिला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली.

बाबांनी खोली रद्द का केली नाही, ते मला अजूनही माहीत नाही. त्यांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमच्या चार तारखांना पेन्सिलीने गोल केले. शेजारच्या काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, वर्षसुद्धा झालं नाही आणि थंड हवा खायला निघालात? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे त्याच. मी म्हटलं, "नंबर लागलाय ना, काकू," आणि दळणाचा डबा घेऊन खाली उतरले.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, भाऊ आठ वर्षांचा. तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. मी रडले नव्हते. याचं कॉलनीला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. बायका मला पोटाशी धरून "रड गं, मोकळी हो" म्हणायच्या, आणि मला त्यांच्या पदराचा लसणीचा वास तेवढा यायचा. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करतो, मग तो ओढतोय हे कळतं पण दुखत नाही. मला सगळं तसंच कळत होतं. डाळीला फोडणी बसत होती, भावाच्या वह्यांना कव्हरं घातली जात होती. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी असणार.

नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो आणि तिथून लाल मातीतून चालत. माथेरानला गाडी वर जात नाही, त्यामुळे तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, तेल सगळं अंगाखांद्यावर न्यायचं. याच्यातूनच हॉलिडे होमचा एक रिवाज पडला होता. वर नेलेलं खाली आणायचं नाही. उरलेला जिन्नस स्वयंपाकघरातल्या मोठ्या फळीवर ठेवायचा, तो पुढच्या बॅचचा. सीझनच्या शेवटच्या बॅचने ठेवलेलं मात्र तिथल्या केअरटेकरचं, कारण पावसाळ्यात वर बाजार नसल्यातच जमा. कोणी अर्धा किलो साखर खाली नेली, तर कारखान्यात त्याची आठवडाभर टर उडायची. त्या वर्षी शेवटची बॅच आमची होती.

केअरटेकरना सगळी मुलं वरचे काका म्हणायची. बारा महिने वर राहणारा हाडकुळा माणूस. एप्रिलमध्ये सहाच्या सहा खोल्या पुसून काढायचा, जूनमध्ये व्हरांड्याला गवताचे आडोसे बांधून सगळं बंद करायचा. त्यांनी आमच्या खोलीत चार गाद्या घालून ठेवल्या होत्या. बाबा बूट काढत होते. काकांनी माझ्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी मागून येतायत का?"

"गावी गेलीय," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. बाबांनी ऐकलं, पण ते बुटाच्या नाडीशीच राहिले. भाऊ माझ्याकडे टकामका बघायला लागला, तेव्हा मी त्याला हँडपंपावर पाय धुवायला पिटाळलं. एकदा सांगितलेलं मागे कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सोपंही वाटलं. चार दिवस तरी ती गावी होती.

काका आत गेले आणि दोन्ही हातांनी धरून एक बरणी घेऊन आले. चिनीमातीची, बेताची, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. मी ती विसरूनच गेले होते. आदल्या वर्षी आईने वाटेवर बसलेल्या बायकांकडून रायवळ कैऱ्या घेतल्या होत्या, जिभेचं साल निघेल इतक्या आंबट. त्यांचं लोणचं तिने तिथल्याच स्वयंपाकघरात घातलं, बाकीच्या पाच बिऱ्हाडांच्या सूचना ऐकत आणि त्यांतली एकही न पाळता. निघायच्या आदल्या दिवशी घातलेलं ते ताजं लोणचं फळीवर ठेवण्यात अर्थ नव्हता. तिने ते काकांच्या हवाली केलं होतं. "मुरू दे. हात नका लावू हं. पुढच्या वर्षी आम्ही आलो की उघडू."

"पावसात माझ्या कपाटात ठेवलीवती," काका सांगत होते. "फळीवर ओल धरते ना. दिवाळीनंतर दर अमावस्येला ऊन दाखवलं. दादरा नाय सोडला. वहिनी आल्या की उघडायचं ठरलंवतं, पण आता तुम्हीच उघडा."

त्या वर्षी आमच्या घरी लोणचं घालायचं नव्हतं. घरात कोणी गेलं की आमच्याकडे वर्षभर लोणची-पापड करत नाहीत. आईच्या हातचं घरातलं सगळं एप्रिलमध्येच संपलं होतं, मसाल्याचा डबासुद्धा. तेव्हा जगात आईच्या हातचं जे काही उरलं होतं, ते त्या बरणीत होतं. हे मला स्वच्छ समजलं आणि तरी आत काही हललं नाही.

दुपारी जेवताना दादरा सोडला. वर तेल आलं होतं, फोडी काळसर आणि मऊ झाल्या होत्या. बाबांनी वास घेतला आणि मान दुसरीकडे केली. चमचे नुकतेच विसळून ठेवले होते. त्यातला एक उचलून मी तिघांना वाढलं. भावाने दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि मी त्याला दिली. मीही खाल्लं. आंबट लागलं, बस.

बाकी माथेरान होतं तसंच होतं. भावाने घोड्यासाठी भोकाड पसरलं, बाबांनी त्याला एक फेरी दिली, आणि घोडेवाल्यामागून बाबाच पळत गेल्यासारखे चालत राहिले. माकडाने एका बाईच्या हातातली चिक्की पळवली आणि तिच्या नवऱ्याने माकडाला साहेबी इंग्रजीत शिव्या दिल्या. सनसेट पॉइंटवर ही गर्दी. सूर्य बुडाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येणार होता, त्यात टाळ्या कसल्या, असं माझ्या मनात आलं. मग बाजारातून चपला बघत परत यायचं, पावलं लाल, नाकातला मळसुद्धा लाल.

संध्याकाळी व्हरांड्यात हाउझी व्हायची. काका डालड्याच्या डब्यातून नंबर काढायचे. आई हाउझीत सरळ सरळ लबाडी करायची, न आलेला नंबर खोडायची आणि पकडली गेली की सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची. त्या वर्षी फुल हाउस बाबांना लागलं, जन्मात पहिल्यांदा. बक्षीस प्लॅस्टिकची साबणाची डबी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा डबी हातात घेऊन उभे राहिले, डावीकडे बघितलं, तिथे मी होते. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि ते बिडी ओढायला बाहेर गेले. मी डबीचं झाकण लागतंय का ते बघितलं.

चौथ्या दिवशी दरीतून धुकं वर आलं आणि उशांचे अभ्रेसुद्धा दमट लागायला लागले. मी फळी लावली. मीठ, अर्धी बाटली तेल, मसूर, चहा, काड्यापेट्या, आणि शेवटी अर्धी भरलेली बरणी. वर नेलेलं खाली आणायचं नाही. मला विचार करावाच लागला नाही, हात आपोआप चालत होते. बाबा किल्ली द्यायला काकांकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा काका त्यांच्यासोबत दस्तुरीपर्यंत चालत आले, आमची वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन. निघताना त्यांनी भावाच्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, सीझन संपला म्हणून.

घरी आल्यावर बाबांनी वळकटी सोडली. मधोमध, त्यांच्या दोन बनियनांत गुंडाळलेली, बरणी.

आयुष्यात कारखान्यातून एक स्क्रू घरी न आणलेला माणूस. मी बघतच राहिले.

"मी त्याका सगळा सांगलंय," बाबा घरच्या मालवणीत म्हणाले. "त्यानाच दिल्यान." मग बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, आई ठेवायची त्याच जागी ठेवून ते आंघोळीला गेले. ती रोज उघडायची नाही, असं न बोलताच ठरलं. फक्त रविवारी उघडायची.

पहिल्याच रविवारी बाबा फर्स्ट शिफ्टला होते. ते यायच्या आधी मी भात टाकला, दादरा सोडला. वर पांढरा थर आला होता, कापसासारखा, कडेपासून मधोमधपर्यंत.

काय झालं ते मला तत्क्षणी कळलं. लोणच्याच्या बाबतीत आईचं एकच वाक्य होतं, आणि ते तिने मला हजारदा तरी ऐकवलं असेल. चमचो पुसान घे गो. ओला चमचा बरणीत गेला की लोणचं गेलं. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. त्या माणसाने परक्याची बरणी पावसापासून लपवून, उन्हं दाखवून एक वर्ष जपली, आणि मी, तिची मुलगी, चार दिवसांत तिची वाट लावली.

मला भयंकर भीती वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, ते हे. लोणचं कचऱ्यात टाकावं, बरणी हातातून पडली म्हणून सांगावं, असं मनात आलं. मी बरणी उचललीसुद्धा. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

बाबांनी माझ्या हातातली बरणी घेतली, खिडकीजवळ नेऊन आत बघितलं आणि ओट्यावर ठेवली. एक चमचा घेतला. पंचाने पुसला, उजेडात धरून पुन्हा पुसला, आणि पांढरा थर हलक्या हाताने, कडेकडेने काढायला लागले. साय काढतात तसा. खाली थोडंसं चांगलं होतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "माथेरानला मी ओला चमचा..."

"म्हायत हा. मी बघलंय तेव्हा."

"बघितलंत? मग बोलला का नाहीत?"

बाबा थर बशीत काढत राहिले.

"तुझो हात कापत होतो गो," ते म्हणाले. "काय बोलतलंय?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. तिघांना वाढताना, भावाला तिसरी फोड देताना हा हात कापत होता. मला वाटत होतं, मला काहीच होत नाही. मला नाही, पण बाबांना दिसत होतं.

मग मी ओट्याला टेकून रडले. मोठ्याने, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बाबांनी मला गप्प केलं नाही. त्यांनी दुसरा चमचा घेतला, पंचाने दोनदा पुसला आणि माझ्या ताटात एक फोड वाढली. लोणचं कडसर झालं होतं. ते आम्ही तिघांनी त्याच आठवड्यात संपवलं.