पिशवी उघडून पाहणाऱ्या टेपमावशी

इस्पितळाच्या संगणकाच्या डिस्कवरचे जुने एक्स-रे जपून ठेवायच्या टेपवर उतरवून डिस्क रिकामी करायची, हे टेपमावशींचं काम. आज डिस्क काठोकाठ भरली होती आणि साहेब घायकुतीला आले होते.

“मावशी, काम झालं असं मशीन सांगतंय ना? मग पुसा डिस्क.”

“आमचे हेही बाजारातून सगळं आणलं म्हणतात, साहेब. पिशवी उघडल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही.”

मावशी खुर्चीला चिकटल्या आणि प्रत्येक टेपवरचे दहा-दहा एक्स-रे उघडून पाहू लागल्या. साहेब तीनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. ते चौथ्यांदा आले, तेव्हाच सातवी टेप कोरी निघाली. चार हजार माणसांची हाडं पुसली जाता जाता वाचली होती.

साहेब स्टूल ओढून मावशींशेजारी बसले.

“आठवी लावू का?” त्यांनी हळूच विचारलं.

“आधी सातवी पुन्हा उतरवू,” मावशी म्हणाल्या.