फवारणीचा हात

नेवाशाचा बजरंग म्हस्के दुसऱ्यांच्या रानात फवारणी करायचा. औषधाने त्याचं अंग उललं, डोळे सुजले. डॉक्टरने पंपाला हात लावायला बंदी केली, तेव्हा तो केडगावच्या एका परमिट रूममध्ये काउंटरवरचं काम मागायला गेला. मी पडलो त्याच्याच गावचा दारूबंदीवाला कार्यकर्ता. त्याला ओढून आणायला मागोमाग पोचलो.

मालक विचारत होता, "पेग भरलाय का कधी?"

"न्हाई शेठ. पन तीस मिली नजरेनं मोजतो. पंपात औषध तसंच टाकायचो."

"भर बरं."

बजरंगने ओतलं, पण सवयीने तोंड फिरवून, श्वास रोखून. एक गिऱ्हाईक खिदळलं, "आरं, इख पाजतो का आमाला?"

मालकाने मापात ओतून बघितलं. बरोब्बर तीस.

"हात चांगलाय. तोंड तेवढं सरळ ठेव. उद्यापासून ये."

बाहेर आल्यावर मी भडकलो, "दारू वाढायची लाज न्हाई वाटत?"

"लई वाटती, भाऊ. बिनपंपाचं काम द्या, आत्ता सोडतो."

दारूच्या विरोधात मी चार गावं उठवली आहेत. त्याला द्यायला माझ्याकडे एकही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर उभा राहिला.