सहीआधी जबाब वाचणाऱ्या बाई

आमच्या चौकीतल्या हवालदारबाई जबाब वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेत नसत. जबाबाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते, 'मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' चौकीत ती ओळ सगळेच लिहायचे, वाचायचं कोणीच नाही. बाई वाचायच्या, आणि म्हणून बाईंनाच सगळे हसायचे. मला अजून चीड येते.

मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. डोंबिवलीत मानपाड्याजवळ एकाच कारखान्यात मी आणि भाऊ कामाला. प्रेस मशीनमध्ये त्याची चार बोटं गेली तेव्हा मी समोरच होते. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरने मशीनची सुरक्षेची जाळी काढायला लावलेली. तसंच मी चौकीतल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी लिहून कागद पुढे सरकवला.

"कर सही आणि जा हॉस्पिटलात."

मी पेन उचललं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून बाई उठून आल्या.

"थांब गं. वाचलंस?"

"नाही मॅडम. साहेबांनी लिहिलंय ना."

बाईंनी कागद घेऊन मोठ्याने वाचलं, 'भावाने स्वतःच जाळी काढली होती.'

"असं म्हणालीस तू?"

"नाही हो!"

साहेब हसले. "मास्तरीणबाई, शाळा घरी भरवा. चारला बंदोबस्त आहे, लक्षात आहे ना?"

"आहे सर. सकाळी सातपासून ड्युटीवरच आहे. पण हे खोटं आहे, ही पोरगी सही करणार नाही."

दुसरा जबाब बाईंनी स्वतः लिहिला. मग चहा पाजताना म्हणाल्या, "माझ्या बापाने चौकीत असाच जबाब न वाचता अंगठा दिलेला. जमीन गेली. मला वाचता येत होतं गं, पण पोलिसांच्या भीतीने गप्प राहिले."

सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला. आणि महिन्याभरात बाईंना ठाण्याला पाठवलं, कैद्यांची कोर्टात ने-आण करायला. जो नीट काम करतो त्याच्याच हातातलं काम काढून घ्यायचं, अशी यांची रीत!

भावाला भरपाई मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन ठाण्याला गेले. कोर्टाबाहेर बाई कैद्यांच्या गाडीपाशी उभ्या होत्या. पाया पडायला वाकले, तर खांदा धरून उभं केलं. डोळ्यांत राग.

"पाया कसल्या पडतेस? पगार घेते मी त्याचा. तू सांगितलंस ते लिहिलं, एवढंच केलं. तेवढ्यासाठी तू डोंबिवलीहून पेढे आणतेस, याची लाज वाटते मला."

त्यांनी एकही पेढा घेतला नाही. कैदी मोजून आत बसवले, स्वतः चढल्या आणि आतून दार ओढून घेतलं.