तिळाची पेंड

आनंदनगरच्या कारखान्यात केमिस्ट असलेले एक गृहस्थ बदलापूर गावात आमच्या शेजारी राहायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या दारात एकच म्हैस, आमच्याही दारात एकच. बोलताना दर दोन वाक्यांनी "पटतंय का?" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे.

"दुधातलं प्रोटीन अमिनो ॲसिडचं बनतं. त्यातलं एक जरी कमी पडलं, तरी बाकीची असून उपयोग नाही. पटतंय का?" शेंगदाण्यात जे कमी ते तिळात भरपूर, म्हणून म्हशीच्या शेंगदाणा पेंडीत ते तिळाची पेंड मिसळायचे; मी नुसती शेंगदाण्याची घालायचो. डेअरीवाले फक्त फॅट मोजायचे आणि आमच्या दोघांच्या दुधाचं फॅट सारखंच लागायचं. मी त्यांना चारचौघांत हसायचो.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला उल्हासनगरला, एका सिंधी हलवायाच्या दुकानात नेलं. फॅट सारखं असलं तरी प्रोटीन जास्त त्याचं पनीर जास्त, म्हणून दोघांचं पाच-पाच लिटर दूध वेगवेगळं फाडून पनीर काढलं. तराजूत त्यांचं पारडं खाली गेलं. हलवायानं पारडी बदलून पुन्हा तोललं. पुन्हा तेच!

"साईं, ये दूध रोज हमको दो."

त्यांनी ताठ मानेनं दुकानभर नजर फिरवली. "दोनों का लो," ते हलवायाला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तिळाची पेंड सुरू करा. तुमच्या म्हशीचंही एवढंच निघेल. पटतंय का?"

पहिल्यांदाच ते उत्तरासाठी थांबले.