स्पीकरमधली घरघर

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढायचो. मेंदूच्या लहरी स्पीकरवर ऐकून मनातला शब्द ओळखता येतो का, हे आमचे डॉक्टर तपासत होते. त्या प्रयोगातून पुढं काहीच निघालं नाही.

हातकणंगल्याचा एक म्हातारा वाचा गेलेल्या बायकोला घेऊन आला. तिच्या डोक्याला तारा लावल्या आणि स्पीकर घरघरू लागला. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"काय म्हनती ही?"

"शब्द कळत नाहीत, बाबा," डॉक्टर म्हणाले. "नुसता आवाज आहे."

स्पीकर बंद करायला मी बटणाकडं हात नेला, तसा म्हाताऱ्यानं तो धरला.

"ऱ्हाऊ द्या, पावणं. जन्मभर गप बस म्हटलं हिला. आता बोलू द्या की."

मी हात मागं घेतला. बायको त्याच्याकडं बघत होती. तो स्पीकरजवळ वाकून ऐकत राहिला आणि मधूनमधून हळूच "व्हय, व्हय" म्हणत राहिला.